ब्लॅक मॅजिक एम-६६: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विज्ञानकथा अ‍ॅनिमेबद्दल (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनबद्दल) जे प्रश्न येतात त्यांत १९८७ च्या या छोट्या चित्रपटाचा वाटा बराच मोठा आहे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र केली. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, फाटे फुटणारे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही. गोष्टीचं सूत्र मात्र प्रश्न ३ पासून उघड होतं, तेव्हा कोरं राहून बघायचं असेल तर तिथेच थांबा.

१. हे नेमकं काय आहे? मालिका की चित्रपट?

मालिका नाही, आणि थिएटरातला चित्रपटही नाही. जून १९८७ मध्ये जपानमध्ये थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेला हा एकच भाग आहे. लांबी पाऊण तासाहून जरा जास्त. निर्मिती एआयसी या स्टुडिओची. मूळ कथा मासामुने शिरो यांची, दिग्दर्शन शिरो आणि हिरोयुकी किताकुबो यांचं.

विषय एका ओळीत सांगायचा तर: लष्कराचे दोन लढाऊ यंत्रमानव विमान अपघातातून सुटतात आणि त्यांतला एक शहराच्या दिशेने निघतो. जेवण झाल्यावर बसलात तर झोपायच्या वेळेआधी बघून संपतं. आजच्या बारा-बारा भागांच्या मालिकांपुढे हा मोठाच गुण म्हणायचा.

२. टीव्हीवर किंवा थिएटरात का आलं नाही? पडेल माल होता का?

उलट. त्या काळात थेट कॅसेटवर येणाऱ्या अ‍ॅनिमेला ओव्हीए म्हणत. ही पद्धत डिसेंबर १९८३ मध्ये ‘डॅलॉस’पासून सुरू झाली. घरोघरी व्हीसीआर आले होते आणि टीव्ही वाहिनीचे नियम, प्रायोजक खेळणी कंपनीच्या मागण्या, दर आठवड्याची घाई, यातलं काहीच नको असलेले तरुण निर्माते होते. कॅसेट महाग असे, त्यामुळे गिऱ्हाईक थोडं पण पक्कं शौकीन. त्या गिऱ्हाइकाला खेळण्यांची जाहिरात नको होती, हाताने रंगवलेली झकास हाणामारी हवी होती.

म्हणून पाऊण तासाच्या कॅसेटमध्ये कधी कधी टीव्ही मालिकेच्या कित्येक भागांपेक्षा जास्त कष्ट ओतलेले दिसतात. अर्थात त्याच बाजारात रद्दड मालही भरपूर निघाला. हा त्यातला नव्हे.

३. गोष्ट काय आहे? फार न फोडता सांगा.

रात्रीची वेळ. लष्कराचं मालवाहू विमान जंगलात कोसळतं. त्यात दोन एम-६६ असतात. माणसाच्या आकाराचे, वेगवान, कुणाच्याही मदतीशिवाय स्वतः लढणारे. अपघाताच्या धक्क्याने ते चालू होतात आणि निघून जातात. लष्कर गुपचूप जंगल वेढतं. सिबेल नावाच्या स्वतंत्र पत्रकार बाईला याचा वास लागतो आणि ती कॅमेऱ्यासह तिथे पोहोचते.

पुढे कळतं की या यंत्रांना एक लक्ष्य दिलेलं आहे आणि ते लक्ष्य म्हणजे त्यांना बनवणाऱ्या डॉक्टर मॅथ्यू यांची नात, फेरिस. बातमीच्या मागे लागलेली सिबेल शेवटी त्या मुलीला वाचवायला धावते. उरलेलं सगळं पाठलाग आहे. पहिला अर्धा भाग जंगलात, दुसरा शहरात उंच इमारतीत.

४. यंत्रांनी माणसाविरुद्ध बंड केलं, असंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच बहुतेक परिचयलेख घसरतात. या अ‍ॅनिमेत बंड नाही. एम-६६ ला राग येत नाही, स्वातंत्र्य नको असतं, ‘मी कोण’ असा प्रश्न पडत नाही. संपूर्ण गोष्टीत तो एकदाही बोलत नाही. त्याला एक काम दिलेलं आहे आणि ते तो इमानेइतबारे करतो. अडवायला आलेले सैनिक त्याचे शत्रू नाहीत, फक्त वाटेत आले आहेत, म्हणून मरतात.

म्हणजे पाहायला गेलं तर त्या जंगलात आज्ञा तंतोतंत पाळणारा तोच एकटा आहे. लष्कर सत्य दडपतंय, पत्रकार चोरून चित्रण करतेय, आणि आज्ञाधारक यंत्र चाललंय दिलेल्या कामावर. माझ्या मते हा चित्रपट चाळीस वर्षांनीही टिकून आहे तो याच कारणाने. बंडखोर यंत्राशी निदान वाद घालता येतो, त्याला काहीतरी हवं असतं. आज्ञाधारक यंत्रापुढे बोलायची सोयच नसते.

५. पण लक्ष्य म्हणून नातीचीच माहिती का? आजोबांना तिचा काटा काढायचा होता का?

नाही हो. चाचणी घेताना काहीतरी लक्ष्य भरावं लागतं. संशोधकाने हाताशी होती ती माहिती भरली, घरच्याच मुलीची. चाचणीपुरतं ते निर्धोक होतं, कारण चाचणीत कुणी मरणार नव्हतं. विमान पडलं, यंत्रं चालू झाली आणि नवीन हुकूम कुणी दिलेला नसल्यामुळे आत होता तोच हुकूम लागू झाला.

नाटकवाल्यांना हे चटकन कळेल: तालमीपुरती आणलेली खरी कट्यार प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावर तशीच राहिली तर काय होईल, तेच इथे झालं. ज्यांनी कधी सॉफ्टवेअरचं काम केलंय त्यांना तर हा प्रसंग बघताना घाम फुटतो. चाचणीसाठी भरलेली खोटी नोंद खऱ्या यंत्रणेत राहून जाणं ही त्या धंद्यातली रोजची भीती. १९८७ मध्ये, घरोघरी संगणक यायच्या आधी, ही कल्पना गोष्टीच्या केंद्रस्थानी ठेवायची म्हणजे शिरो यांचं डोकं कुठे चालत होतं याचा अंदाज येतो.

६. हा तर सरळ सरळ ‘टर्मिनेटर’ आहे. नक्कल नाही का?

सावली आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ‘द टर्मिनेटर’ १९८४ च्या ऑक्टोबरात आला आणि एका तरुणीच्या मागे लागलेलं न थांबणारं यंत्र ही कल्पना जगभर पोहोचली. त्यानंतर तीन वर्षांनी आलेला पाठलाग त्यापासून अलिप्त राहिला असेल असं मानायला मी तयार नाही. ज्या ‘ब्लॅक मॅजिक’ मांगावरून (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) हा चित्रपट घेतला ती मात्र शिरो यांनी १९८३ मध्ये स्वतःच्या हौशी प्रकाशनातून काढायला सुरुवात केली होती, पुस्तकरूपाने ती १९८५ मध्ये सेइशिन्शा या प्रकाशनाने आणली. त्यामुळे ‘सगळं तिथूनच उचललं’ हा आरोप टिकत नाही.

आणि दोन्हींतला खरा फरक वरच्या दोन उत्तरांत आला आहे. तिथे यंत्रांचं माणसाशी युद्ध चाललंय आणि शत्रूने विचारपूर्वक मारेकरी पाठवलाय. इथे शत्रूच नाही. हलगर्जीपणा आहे.

७. मासामुने शिरो म्हणजे ‘घोस्ट इन द शेल’वालेच का?

तेच. १९६१ चा जन्म, कोबे शहरातले. शिरो हे टोपणनाव आहे आणि स्वतःला प्रसिद्धीपासून त्यांनी कायम लांब ठेवलं. ‘ब्लॅक मॅजिक’ ही त्यांची सुरुवातीची मांगा, १९८५ पासून ‘अ‍ॅपलसीड’, त्याच सुमारास ‘डोमिनियन’, आणि १९८९ पासून ‘घोस्ट इन द शेल’. त्यावरून मामोरू ओशी यांनी १९९५ मध्ये केलेला चित्रपट जगभर गाजला.

पण एक लक्षात घ्या: ‘घोस्ट इन द शेल’चा तो प्रसिद्ध, संथ, पावसात भिजलेला सूर ओशींचा आहे. शिरो यांचा स्वतःचा सूर अधिक खट्याळ असतो, बंदुका-वाहनांच्या तपशिलात रमणारा आणि मध्येच विनोद करणारा. तो सूर पडद्यावर थेट त्यांच्या हातून आलेला बघायचा तर एम-६६ हीच एक जागा आहे. यानंतर त्यांनी अ‍ॅनिमेचं दिग्दर्शन केलं नाही.

८. दोन दिग्दर्शक कशाला लागले?

शिरो मांगा काढणारे, पडद्याची सवय नाही. किताकुबो अ‍ॅनिमेशनच्या आखाड्यात वाढलेले, तेव्हा वय पंचविशीच्याही आत. एकाने गोष्ट, दृश्यांची आखणी आणि लष्करी तपशील आणले, दुसऱ्याने त्यांना हालचाल दिली. किताकुबोंनी त्याच वर्षी ‘रोबोट कार्निव्हल’ या लघुचित्रपटांच्या संग्रहातला एक भाग केला. पुढे ‘रोजिन झेड’ (प्रश्न २० पाहा) आणि २००० साली ‘ब्लड: द लास्ट व्हॅम्पायर’. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, हा अन्यायच.

९. आधी मांगा वाचावी का?

गरज नाही, आणि वाचायला घेतलीत तर गोंधळाल. मांगाचं जग वेगळंच आहे. तिथे घडतं ते फार प्राचीन काळच्या शुक्र ग्रहावर, जिथे नेमेसिस नावाचा महासंगणक राज्यकारभार चालवतो आणि डूना टायफून नावाची विलक्षण शक्तीची मुलगी मध्यवर्ती आहे. एम-६६ यंत्रमानव हा त्यातल्या एका प्रकरणाचा विषय. चित्रपटाने तेवढाच धागा उचलला, शुक्र, महासंगणक आणि डूना सगळं बाजूला ठेवलं आणि आपल्या ओळखीच्या वाटणाऱ्या जवळच्या भविष्यात गोष्ट नेऊन ठेवली.

नावात काळी जादू आहे आणि गोष्टीत जादूचा पत्ता नाही, असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर: ते नाव अख्ख्या मांगाचं आहे.

१०. अँड्रॉइड, सायबोर्ग, रोबो... यात फरक काय?

थोडक्यात. रोबो म्हणजे कुठलंही स्वयंचलित यंत्र, आकार कसाही. अँड्रॉइड म्हणजे माणसासारखा दिसणारा, पण आतून पूर्ण यंत्र. सायबोर्ग म्हणजे मूळचा माणूस, काही अवयव यांत्रिक. एम-६६ अँड्रॉइड आहे. ‘घोस्ट इन द शेल’ची मेजर कुसानागी सायबोर्ग आहे, कारण तिचा मेंदू माणसाचा आहे. फोनमधल्या अँड्रॉइडचा इथे संबंध नाही (हाही प्रश्न येतो).

११. लढाऊ यंत्राला बाईचा आकार आणि बाहुलीचा चेहरा का दिला?

गोष्टीच्या आत याचं लांबलचक समर्थन नाही. चित्रकाराच्या बाजूने पाहिलं तर कारण सरळ दिसतं. स्नायूंचा डोंगर धावत आला तर तो राक्षस वाटतो आणि राक्षसाची आपल्याला सवय असते. सडपातळ, हलका दिसणारा, चेहऱ्यावर एकही रेघ न हलणारा आकार झाडाच्या फांदीवरून कोलांटी मारत खाली येतो तेव्हा डोळा फसतो. तो जड असेल असं वाटत नाही, आणि मग तो ज्याच्यावर आदळतो त्याचं काय होतं ते दिसतं.

शिरो यांना बाईचं शरीर रेखाटायची हौस आहे हेही दुसरं कारण. ते लपवण्यात अर्थ नाही, पुढचं उत्तर वाचा.

१२. घरी मुलांबरोबर बघता येईल का?

नको. ‘कार्टून आहे’ म्हणून लावून द्याल आणि पहिल्या काही मिनिटांतच रिमोट शोधत बसाल. सिबेलची ओळख करून देणाऱ्या प्रसंगात तिच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत आणि त्याला कथेची गरज अशी काही नाही. तो त्या काळच्या कॅसेट बाजाराचा रिवाज होता. पुढे सैनिक मरतात ते रक्त सांडून.

डोरेमॉन आणि शिनचॅनवर वाढलेल्या पिढीला अ‍ॅनिमे म्हणजे तेच वाटतं, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दाखवायचं का, हे ज्याच्या त्याच्या घरचं गणित.

१३. सिबेल एवढी धडपडी नायिका, आणि तिची सुरुवात अशी. हे खटकत नाही का?

खटकतं. पण त्याच पात्राकडे पुढची चाळीस मिनिटं पाहा. ती पोलीस नाही, सैनिक नाही, तिच्याकडे चिलखत नाही. तिच्याजवळ कॅमेरा आहे, गाडी आहे आणि बातमी सोडायची नाही हा हट्ट आहे. त्या काळच्या हाणामारीच्या अ‍ॅनिमेत बाई एक तर बंदूकधारी असे किंवा वाचवली जाणारी. सिबेल दोन्ही नाही. ती घाबरते, पडते, अंग ठेचून घेते, फेरिसला ओढत नेते.

तिचा हेतूही स्वच्छ नाही आणि ते बरं आहे. सुरुवातीला तिला बातमी हवी असते, मुलगी नंतर येते. लष्कराला मुलीपेक्षा गुपिताची काळजी. या दोन स्वार्थांमध्ये फेरिस सापडलेली आहे. आपल्या मागे काय लागलंय हे तिला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं.

१४. एवढं जुनं अ‍ॅनिमेशन आता बघवेल का?

बघवेल. यात संगणकाने काढलेली एकही चौकट नाही. प्रत्येक हालचाल कागदावर काढून, सेल नावाच्या पारदर्शक प्लास्टिकवर उतरवून, मागून रंग भरून, कॅमेऱ्याखाली एकेक करत टिपलेली आहे. ‘अकिरा’ हा गाजलेला अ‍ॅनिमे चित्रपट यायला तेव्हा वर्ष बाकी होतं.

जंगलातली चकमक लावा आणि यंत्राकडे न बघता सैनिकांकडे बघा. ते वीरासारखे धावत नाहीत. रांग धरून, एकमेकांना आडोसा देत, अंतर राखून पुढे सरकतात. हत्यारं वजनदार वाटतात, खांद्याला धक्का बसलेला दिसतो. आणि समोरचं यंत्र यातला एकही नियम पाळत नाही: झाडांच्या बुंध्यांवरून, हातांवर, पायांवर, कुठल्याही बाजूने येतं. शिस्त विरुद्ध वेग, असा तो प्रसंग संवादाशिवाय समजतो. शिरो यांची लष्करी साहित्याची आवड इथे कामाला आली.

काही जागी जुनेपणा जाणवतो. संगीतातला सिंथेसायझर ऐंशीच्या दशकाचा शिक्का घेऊनच येतो, आणि मधला माहिती देणारा भाग जरा रेंगाळतो.

१५. मराठीत किंवा हिंदीत आहे का? पुढचा भाग कधी आला?

मराठीत नाही. मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं हाच मार्ग. इंग्रजी डब झालेला आहे, पण नव्वदच्या दशकातल्या इंग्रजी डबांना शिव्या घुसडायची खोड होती, तेव्हा जपानीच बरं. संवाद थोडे आहेत, शाळेतल्या इंग्रजीवर निभावतं.

पुढचा भाग नाही, मालिका नाही, नवी आवृत्तीही नाही. गोष्ट जिथे संपते तिथे संपते.

१६. असं प्रत्यक्षात होऊ शकतं का? की सगळी कल्पनाच?

धावणारी बाहुली अजून लांब आहे. पण ‘सरावातलं लक्ष्य आणि खरं लक्ष्य यांची गल्लत’ घडून गेली आहे, तीही जपानी जहाजावर.

४ जून १९९६. हवाईच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात रिमपॅक हा बहुराष्ट्रीय नौदल सराव चालू होता. अमेरिकेचं ए-६ इंट्रूडर विमान दोरीला बांधलेलं लक्ष्य मागे ओढत होतं आणि जपानी विनाशिका ‘युगिरी’ने त्या लक्ष्यावर नेम साधायचा होता. जहाजावरच्या फॅलँक्स या स्वयंचलित तोफेने लक्ष्याऐवजी ते ओढणारं विमानच धरलं आणि पाडलं. दोघेही वैमानिक वेळेत बाहेर पडले, त्यांना समुद्रातून उचललं. तोफेने दगा दिला नव्हता, तिने रडारला दिसलेल्या वस्तूवर गोळ्या झाडल्या. एम-६६ बघून झाल्यावर हा प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो, कारण चित्रपट नऊ वर्षं आधीचा आहे.

बाकीच्या घटना इतक्या हुबेहूब जुळत नाहीत, पण जातकुळी तीच. २३ मार्च २००३ रोजी इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने परतणाऱ्या ब्रिटिश टोर्नेडो विमानाला शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं, दोघे वैमानिक गेले. १२ ऑक्टोबर २००७ रोजी दक्षिण आफ्रिकेत लोहाटला इथे सरावात विमानविरोधी तोफ बेबंद सुटली आणि ९ सैनिक ठार झाले. तिथे आधी संगणकावर संशय घेतला गेला, नंतर बोट यांत्रिक बिघाडाकडे वळलं. तेव्हा ते उदाहरण ‘यंत्राने निर्णय घेतला’ म्हणून कुणी सांगत असेल तर जरा जपून.

१७. मग अशा हत्यारांवर बंदी नाही का?

आंतरराष्ट्रीय बंदी अजून नाही. जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराखाली २०१४ पासून चर्चा चालू आहेत, २०१७ पासून सरकारी तज्ज्ञांचा गट बसतो. त्या गटाचं अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताकडे होतं. २०१९ मध्ये ११ मार्गदर्शक तत्त्वं मान्य झाली. हत्यार वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाचीच, ती यंत्रावर ढकलता येणार नाही, असं त्यांत म्हटलं आहे.

२०२३ मध्ये हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरावाच्या रूपाने आला आणि मोठ्या बहुमताने संमत झाला. भारताने विरोधात मत दिलं. हा विषय जिनिव्हातच राहावा, दुसरीकडे समांतर चूल मांडू नये, अशी भारताची भूमिका आहे. पटो न पटो, ‘भारताला हत्यारं मोकाट सोडायची आहेत’ असा त्याचा सरळ अर्थ लावणं चुकीचं.

१८. याच धाटणीचं आणखी काय बघू?

सुरुवात ‘बबलगम क्रायसिस’पासून करा. तोही १९८७ मध्ये सुरू झाला, १९९१ पर्यंत आठ भाग आले, निर्मितीत एआयसीच. भूकंपानंतर नव्याने उभारलेलं मेगा टोकियो, जेनोम नावाची बलाढ्य कंपनी, तिने बनवलेले बूमर नावाचे यंत्रमानव पिसाळतात आणि चिलखत घातलेल्या चार मुली त्यांना आवरतात. एम-६६ पेक्षा रंगीत, गाण्यांनी भरलेला. त्याच जगातला ‘ए.डी. पोलीस’ (१९९०) मात्र काळाकुट्ट आहे, पोटात कालवाकालव होईल असा.

त्यानंतर ‘आर्मिटेज द थर्ड’, १९९५, चार भाग, मंगळ ग्रह, तोही एआयसीचा. इथे प्रश्न उलटा होतो: यंत्र माणसाला मारतं आहे की माणूस यंत्राला, हे ठरवावं लागतं.

मूळ शोधायचं असेल तर १९७३ ची ‘कॅशर्न’ ही तात्सुनोको स्टुडिओची टीव्ही मालिका. प्रदूषण आवरायला बनवलेल्या यंत्रमानवावर वीज पडते आणि तो माणसालाच पृथ्वीवरची घाण ठरवतो. ते बंड आहे, प्रश्न ४ मधल्या अर्थाने.

१९. ‘पॅटलेबर’ यात धरायचं का? त्यातल्या महाकाय यंत्रांत तर आतमध्ये चालक असतो.

अपवाद आहे, पण मी धरतो, आणि फक्त १९८९ चा पहिला चित्रपट. दिग्दर्शक मामोरू ओशी. सुरुवातीलाच जंगलात लष्कराचं एक प्रायोगिक यंत्र बेफाम सुटलेलं आहे, लष्कर हवेतून यंत्रं उतरवून, रणगाडे लावून त्याला कसंबसं थांबवतं. मग सैनिक चालकाची जागा उघडतात आणि ती रिकामी निघते.

पुढे कळतं की दोष यंत्रात नसून सगळ्या यंत्रांत नव्याने बसवलेल्या संगणकीय प्रणालीत आहे. उंच इमारतींमधून ठराविक वेगाने वारा वाहिला की जो कंपनस्वर निघतो त्याने ती चाळवते, आणि टोकियोवर चक्रीवादळ येऊ घातलंय. एम-६६ मध्ये चूक अनवधानाने राहिली होती. इथे ती एका माणसाने मुद्दाम पेरली आहे आणि तो पहिल्या दृश्यातच जीव देतो, म्हणजे विचारायलाही कुणी उरत नाही. यंत्रं मात्र दोन्हीकडे सारखीच निरागस.

शिरो-ओशी जोडीचा ‘इनोसन्स’ (‘घोस्ट इन द शेल’चा पुढचा चित्रपट, २००४, त्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता) लोक या यादीत घालतात. बाहुलीसारखे यंत्रमानव मालकांना मारतात, इतपत साम्य आहे. पण ते लष्करी नाहीत आणि मारण्यामागचं कारण इतकं निराळं आहे की ते इथे सांगितलं तर चित्रपटच संपला. स्वतंत्र बघा.

२०. ‘रोजिन झेड’ म्हणजे म्हाताऱ्याच्या खाटेची गोष्ट ना? ती या यादीत कशी?

कारण दिग्दर्शक तेच, किताकुबो, आणि सुटलेलं लष्करी यंत्र तेच, फक्त अवतार वेगळा. १९९१ चा हा चित्रपट ‘अकिरा’च्या कात्सुहिरो ओतोमोंनी लिहिला. जपानमध्ये म्हातारी माणसं वाढत चालली, सेवेला माणसं मिळेनात, म्हणून सरकार एक स्वयंचलित खाट आणतं. ती रुग्णाला भरवते, अंघोळ घालते, व्यायाम करवून घेते, करमणूकही करते. चाचणीसाठी सत्त्याऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या ताकाझावा आजोबांना तिच्यात झोपवलं जातं, त्यांच्या मनाचा कुणी विचारही करत नाही.

खाटेच्या आतली यंत्रणा मुळात लष्करासाठी तयार झालेली असते, म्हणून ती शिकते, वाढते, वाटेतली गाड्या-यंत्रं स्वतःला जोडून घेते. आजोबांच्या मनातली दिवंगत बायकोची आठवण तिच्यात उतरते, आणि ती त्यांना घेऊन समुद्रकिनाऱ्याकडे निघते, कारण आजोबांना तिथे जायचं असतं. मागे पोलीस, सैन्य, मंत्रालयाचे साहेब आणि त्यांची सेवा करणारी हारुको नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी.

विनोदी आहे, भरपूर हसाल. एम-६६ च्या लगेच नंतर बघा. दोन्हीकडे यंत्र आत भरलेल्या माहितीप्रमाणेच चालतं. तिकडे आजोबांनी नातीची माहिती भरली होती, इकडे आजीची आठवण आजोबांकडून आपोआप गेली. मराठीत अर्थातच हाही उपलब्ध नाही.